बिल्ड अडतो कुठे? खानदेशातल्या प्रोग्रामर वाचकांचे प्रश्न

या अंकातले प्रश्न बिल्डचे आहेत. सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधून देणारी मेक, निन्जा, सीमेक, ग्रेडल ही साधनं कशी वापरायची, कशी सुधारायची आणि ती रुसली तर कुठे बघायचं, असे. आज्ञा आपण बोलताना उच्चारतो तशा देवनागरीत छापल्या आहेत. कीबोर्डवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या; मोठी अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : आमचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सी प्लस प्लसमध्ये आहे. जिनिंगवाल्यांनी मागितलं म्हणून पावतीच्या स्ट्रक्टमध्ये कापसाच्या ओलाव्याचं फील्ड टाकलं. 'मेक' बिनतक्रार पूर्ण झालं, पण निव्वळ वजन भलतंच छापलं जातंय. 'मेक क्लीन' करून सगळं पुन्हा बांधलं की बरोबर येतं, पण त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. कोड तीनदा तपासला. (धुळे)

कोड सोडा, मेकफाइल उघडा. मेकला तुम्ही लिहून दिलंत तेवढंच कळतं. तुमच्या नियमात 'वजन.ओ' ही कंपाईल झालेली फाइल 'वजन.सीपीपी'वर अवलंबून आहे एवढंच असणार आणि 'पावती.एच' या हेडरचा पत्ताच नसणार. हेडर बदललं तरी मेक त्या दोनच फाइलींच्या वेळा ताडून बघतं. त्याला .ओ नवी दिसते आणि ते पुढे निघून जातं.

आता बाइटचा हिशेब बघा. जुन्या स्ट्रक्टमध्ये गाडी क्रमांकाचा इंट ० ते ३ बाइटवर, पुढचे चार बाइट मोकळे, भरलेल्या गाडीचा डबल ८ पासून आणि रिकाम्या गाडीचा १६ पासून, अशी मांडणी धरू. ओलाव्याचा डबल तुम्ही या दोघांच्या मध्ये घातला असेल तर १६ वर ओलावा बसला आणि रिकामी गाडी २४ वर सरकली. ज्या फाइली नव्याने कंपाईल झाल्या त्या २४ वर लिहितात. ज्या झाल्या नाहीत त्या अजून १६ वरच वाचतात. भरलेली गाडी ९,४०० किलो, रिकामी ३,१०० किलो आणि ओलावा ८ टक्के असेल, तर जुनी फाइल ९,४०० मधून ८ वजा करून ९,३९२ किलो कापूस छापणार. खरा आकडा ६,३००. या .ओ फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणारा लिंकर चकार शब्द काढत नाही, कारण फंक्शनांची नावं जुळतात आणि फील्ड कितव्या बाइटवर आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

हेडरांच्या याद्या हाताने लिहू नका, त्या महिन्याभरात शिळ्या होतात. कंपाईल करणारा कंपायलरच कोणकोणती हेडरं उघडली ते जाणतो, तेव्हा यादी त्याच्याकडूनच घ्या. जीसीसी किंवा क्लँगच्या फ्लॅगांत '-एमएमडी -एमपी' जोडा (ही अक्षरं मोठी). प्रत्येक .ओ शेजारी एक .डी फाइल तयार होते आणि तिच्यात मेकला समजेल अशी यादी असते. मेकफाइलच्या शेवटी एक ओळ घाला:

-इनक्लूड $(ओबीजेएस:.ओ=.डी)

इथे 'ओबीजेएस' हे तुमच्या .ओ फाइलींच्या यादीचं चल, मोठ्या अक्षरांत. सुरुवातीचा डॅश विसरू नका, नाहीतर पहिल्या बिल्डला .डी फाइली नाहीत म्हणून मेक तिथेच थांबेल. पुष्कळ जण '-एमपी' वगळतात आणि मग एखादं हेडर काढून टाकल्यावर 'नो रूल टु मेक टार्गेट' या संदेशात अडकतात. '-एमपी' प्रत्येक हेडरसाठी एक रिकामा नियम लिहून ठेवतं, त्यामुळे हेडर नाहीसं झालं तरी बिल्ड चालू राहतो. फ्लॅग जोडल्यावर एकदाच 'मेक क्लीन' करा, म्हणजे सगळ्या .डी तयार होतील.

जाता जाता आणखी एक. कंपायलरचे फ्लॅग बदलले तरी मेकला कळत नाही. '-ओ०'चं '-ओ२' ('ओ' मोठा) केलंत आणि मेक म्हणालं 'अप टु डेट', असं होतं. स्वस्तातला उपाय म्हणजे प्रत्येक .ओच्या अवलंबनांत मेकफाइललाही बसवणं. निन्जाला हा त्रास नाही. कोणत्या आज्ञेने कोणती फाइल बांधली त्याची खूण ते '.निन्जा_लॉग'मध्ये ठेवतं, आणि आज्ञा बदलली की ती फाइल पुन्हा बांधतं.

प्रश्न : कंपाईल चालू असताना लाईट जाते. परत आल्यावर 'मेक' केलं की लिंकर 'फाइल फॉरमॅट नॉट रेकग्नाइज्ड' म्हणतो. एकदा तर सगळं व्यवस्थित बांधलं गेलं, पण केलेला बदलच प्रोग्रॅममध्ये आला नाही. इन्व्हर्टर घेण्याशिवाय मार्ग आहे का? (यावल)

हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत.

पहिला अर्धवट फाइलचा. तुम्ही कंट्रोल-सी दाबता तेव्हा मेक अर्धी राहिलेली टार्गेट, म्हणजे बांधायला घेतलेली, फाइल पुसून मग थांबतं. आज्ञा अयशस्वी झाली तरी पुसायची असेल तर मेकफाइलमध्ये '.डिलीट_ऑन_एरर:' (मोठी अक्षरं) ही ओळ लागते आणि ती प्रत्येक मेकफाइलमध्ये असावी असं आमचं मत आहे. पण वीज गेली तर पुसायला मेकच जिवंत नसतं. ईएक्सटी४ फाइल सिस्टिम मजकूर डिस्कवर थोडा उशिरा उतरवते, त्यामुळे नाव आणि ताजी वेळ असलेली पण शून्य बाइटची .ओ मागे राहू शकते. मेक वेळ बघून तिला तयार समजतं आणि लिंकर ती उघडून बघतो तेव्हा भांडं फुटतं.

तातडीचा उपाय असा: वीज जाण्याआधीच्या अर्ध्या तासातल्या .ओ आणि .डी दोन्ही काढा. 'फाइंड बिल्ड -नेम "*.ओ" -एममिन -३० -डिलीट', आणि तेच .डीसाठी. वीज येऊन बराच वेळ झाला असेल तर तीसचा आकडा तेवढा वाढवा. फक्त शून्य आकाराच्या शोधून भागत नाही, अर्ध्या लिहिलेल्याही असतात. आणि 'मिसिंग सेपरेटर' आला म्हणून नुसती .डी पुसून .ओ तशीच ठेवलीत, तर मेकला त्या .ओची हेडरं कोणती याचा विसर पडतो आणि धुळ्याच्या वाचकांचा आजार तुम्हाला होतो. जोडीने पुसा.

कायमचा उपाय म्हणजे आधी तात्पुरत्या नावाने बांधायचं आणि पूर्ण झाल्यावर नाव बदलायचं. नियमात '-ओ $@.टीएमपी' ($@ म्हणजे बांधायच्या फाइलीचं नाव) द्या आणि पुढे '&& एमव्ही -एफ $@.टीएमपी $@' जोडा. इथे एक खाच आहे. '-एमएमडी' आपली .डी आउटपुटच्या नावावरून ठरवतं, त्यामुळे तिच्यात 'वजन.ओ.टीएमपी' या नावाची यादी पडेल आणि ती कुणाच्याच कामाची नसेल. म्हणून '-एमटी $@ -एमएफ $(@:.ओ=.डी)' असं स्पष्ट सांगा, 'एमटी' आणि 'एमएफ' मोठ्या अक्षरांत.

दुसरा बिघाड घड्याळाचा दिसतो. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर वीज गेल्यावर यंत्राची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. त्या तारखेला तुम्ही फाइल सेव्ह केली की तिची वेळ कालच्या .ओपेक्षा जुनी. मेकच्या लेखी काही बदललंच नाही. उलट बाजूने 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' हा इशारा दिसला तर तो वाचून सोडून देऊ नका. बिल्ड अपुरा असू शकतो असं त्यातच लिहिलेलं असतं. सेल बदला, 'टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' करा आणि मधल्या काळात बदललेल्या सोर्स फाइलींना 'टच' करा. इन्व्हर्टर मात्र घ्याच, बिल्डसाठी नसला तरी हार्ड डिस्कसाठी.

प्रश्न : ८ जीबी रॅम आणि ८ कोअरचा लॅपटॉप आहे. प्रोजेक्टसाठी एक मोठी सी प्लस प्लस लायब्ररी बांधताना 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस' येतं, तेही दर वेळी वेगळ्या फाइलवर. कंपायलर खराब आहे का? (जळगाव, अभियांत्रिकी विद्यार्थी)

कंपायलर ठीक आहे, रॅम संपते आहे. लिनक्स कर्नल अशा वेळी सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रक्रियेला मारतो. 'सुडो डीमेसग'च्या शेवटी 'आउट ऑफ मेमरी' दिसलं की खात्री झाली.

टेम्प्लेटांनी भरलेली एक सी प्लस प्लस फाइल कंपाईल व्हायला एक ते दोन जीबी सहज घेते. म्हणून '-जे'चा, म्हणजे एका वेळी किती कामं चालवायची त्याचा, आकडा कोअरवरून न ठरवता दोन गणितांतला लहान घ्या: एक कोअरची संख्या, दुसरं मोकळी रॅम भागिले दीड जीबी. तुमच्याकडे ब्राउझर बंद करून साधारण सहा जीबी उरत असेल तर '-जे४'. आकड्याशिवाय नुसतं '-जे' कधीच देऊ नका, मेक त्याचा अर्थ 'मर्यादा नाही' असा घेतं आणि दोनशे फाइली एकदम सुरू करायला बघतं. निन्जाला तर '-जे' नाही दिलं तरी ते कोअरपेक्षा दोन कामं जास्त चालवतं, तेव्हा तिथे आकडा मुद्दाम द्यावा लागतो.

शेवटी लिंक करताना मारलं जात असेल तर गोष्ट वेगळी. डीबग माहितीसकट चार-पाच प्रोग्रॅम एकाच वेळी लिंक होताना रॅम संपते. कंपाईल चार आणि लिंक एकच, असं निन्जाच्या पूलमधून (एका प्रकारची कामं एका वेळी किती, ही मर्यादा) सांगता येतं. सीमेक ३.११ पासून त्यासाठी 'सीमेक_जॉब_पूल्स' आणि 'सीमेक_जॉब_पूल_लिंक' ही चलं (मोठी अक्षरं) आहेत. पहिल्यात 'लिंक=१', दुसऱ्यात 'लिंक'.

प्रश्न : मे महिन्यात तोच कोड, तोच लॅपटॉप, पण सकाळपेक्षा दुपारी बिल्डला दुप्पट वेळ. व्हायरस असेल का? (भुसावळ)

ऊन आहे. खोलीत चाळिशीच्या पुढे तापमान असताना पंखा गरम हवाच आत ओढतो. बहुतेक लॅपटॉपचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास स्वतःच वेग उतरवतात. एका टर्मिनलमध्ये 'वॉच ग्रेप -आय एमएचझेड /प्रॉक/सीपीयूइन्फो' लावा आणि दुसऱ्यात बिल्ड चालवा. पहिली मिनिटभर गती पूर्ण, मग मेगाहर्ट्‌झ निम्म्यावर, असं दिसलं की निदान पक्कं. '-जे८'ऐवजी '-जे४' करून बघा. गरम खोलीत वेळ फारसा वाढत नाही, कधी कमीच होतो. पंख्याच्या जाळीत अडकलेली धूळ आणि रुई काढा. आणि सीकॅश हे आधीच्या कंपाईलचे निकाल जपून ठेवणारं साधन बसवा, कारण जी फाइल पुन्हा कंपाईलच करावी लागत नाही ती प्रोसेसर तापवत नाही.

प्रश्न : अँड्रॉइड ॲप बनवतो. आमच्याकडे मोबाइलचंच नेट, तेही कधी येतं कधी जातं. ग्रेडल रोज काहीतरी डाउनलोड करत बसतं आणि मधेच तुटलं की बिल्ड फेल. (नंदुरबार)

ग्रेडल रोज नेटवर का जातं ते आधी पकडा. बऱ्याचदा कारण अवलंबनाच्या आवृत्तीत असतं. 'बिल्ड.ग्रेडल'मध्ये कुठे '१.२.+' असं अधिकचिन्ह किंवा शेवटी 'स्नॅपशॉट' असेल, तर ग्रेडल दर २४ तासांनी नवी आवृत्ती आली का ते विचारायला जातं. सगळीकडे नेमकी आवृत्ती लिहा. दुसरं कारण रिपॉझिटरींचा क्रम. तीन रिपॉझिटरी लिहिल्या असतील तर एखादी वस्तू पहिलीत नसली की दुसरीत, तिथेही नसली की तिसरीत, असे हेलपाटे होतात. कोणता गट कुठून आणायचा हे 'कंटेंट' ब्लॉकमध्ये बांधून दिलं की हे हेलपाटे वाचतात. नको असलेल्या रिपॉझिटरी तर काढूनच टाका.

मग रॅपर, म्हणजे प्रोजेक्टला हवी ती ग्रेडलची आवृत्ती उतरवून घेणारी स्क्रिप्ट. 'ग्रेडल-रॅपर.प्रॉपर्टीज' या फाइलीतल्या पत्त्याच्या शेवटी '-ऑल.झिप' असेल तर '-बिन.झिप' करा. 'ऑल'मध्ये सोर्स आणि दस्तऐवज येतात, बिल्डला त्यांची गरज नाही आणि फाइल बरीच मोठी होते. चार प्रोजेक्टांत ग्रेडलच्या चार आवृत्त्या असतील तर चारही वेगळ्या उतरतात. शक्य तिथे एकच ठेवा.

एकदा चांगल्या नेटवर पूर्ण बिल्ड झाला की रोज './ग्रेडलडब्ल्यू --ऑफलाइन असेंबलडीबग' वापरा (शेवटच्या शब्दातला 'डी' मोठा). टेस्ट आणि लिंटची कामंही त्या चांगल्या नेटवरच एकदा चालवून घ्या. त्यांची अवलंबनं वेगळी असतात आणि ऑफलाइन असताना नेमकी तीच सापडत नाहीत.

तुम्ही तिघं-चौघं एकत्र काम करत असाल तर एकाने उतरवलेलं सगळ्यांना देता येतं. होम फोल्डरमधल्या '.ग्रेडल/कॅशेस' इथला 'मॉड्यूल्स-२' हा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, त्यातल्या '.लॉक'ने संपणाऱ्या फाइली आणि 'जीसी.प्रॉपर्टीज' वगळा. दुसऱ्या यंत्रावर तो एखाद्या फोल्डरात ठेवून 'ग्रेडल_आरओ_डेप_कॅश' (सगळी मोठी अक्षरं) या एन्व्हायर्न्मेंट चलात त्याच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्या. ग्रेडल आधी तिथे बघतं, नसेल तरच नेटवर जातं. याचा आणखी एक फायदा आहे. स्वतःच्या कॅशमधल्या तीस दिवस न वापरलेल्या वस्तू ग्रेडल पुसून टाकतं, पण या फोल्डराला हात लावत नाही. सुट्टीवरून आल्यावर सगळं पुन्हा उतरवायची वेळ येत नाही.

प्रश्न : 'मेक' केलं तर चालतं, 'मेक -जे८' केलं तर चारातून एकदा फुटतं. पुन्हा तीच आज्ञा दिली की चालतं. आते काय करानं भाऊ? (चाळीसगाव)

पुन्हा चालवून बघण्याची सवय आधी मोडा. एकेक करून चालणारं आणि आठ-आठ करून फुटणारं बिल्ड म्हणजे कुठेतरी अवलंबन लिहायचं राहिलंय आणि फाइलींचा क्रम आजवर नशिबाने जुळत होता.

तीन ठिकाणी बघा. पहिलं, आउटपुटचा फोल्डर. 'एमकेडीआयआर' एका टार्गेटमध्ये आणि .ओ दुसऱ्यात, आणि दोघांत नातं नाही. फोल्डर अवलंबन म्हणून लिहा, पण उभ्या रेषेच्या पुढे: 'बिल्ड/वजन.ओ: वजन.सी | बिल्ड'. रेष नसेल तर फोल्डरात प्रत्येक नवी फाइल पडली की फोल्डरची वेळ बदलते आणि सगळं विनाकारण पुन्हा बांधलं जातं.

दुसरं, एकाच आज्ञेतून दोन फाइली. बायसन हे साधन पार्सरची .सी आणि .एच एकदम देतं. नियमात दोन्ही टार्गेट साध्या कोलनने लिहिले तर मेक त्याला दोन वेगळे नियम समजतं, बायसन एकाच वेळी दोनदा चालतं आणि एक दुसऱ्याची अर्धी फाइल वाचतो. जीएनयू मेक ४.३ पासून कोलनच्या आधी अँपरसँड लिहून, '&:' असं, दोन्ही एकाच फेरीत येतात हे सांगता येतं. जुनं मेक असेल तर टक्केचिन्हाचा पॅटर्न नियम वापरा. तिथे अनेक टार्गेटांना एकच फेरी, हा अर्थ पहिल्यापासून आहे. मॅकवर ॲपल देतं ते मेक ३.८१ आहे, २००६ सालचं. तिथे '&:' चालणार नाही.

तिसरं, आतल्या फोल्डरांत जाणारं मेक. नियमात 'मेक' असं नाव लिहिलं असेल तर '$(मेक)' करा, मोठ्या अक्षरांत. नाहीतर आतल्या मेकला कामांचा कोटा मिळत नाही आणि 'जॉबसर्व्हर अनअव्हेलेबल' असा इशारा येऊन ते एकेरी चालतं.

गुन्हेगार सापडत नसेल तर मेक ४.४ मध्ये '--शफल' आहे. ते अवलंबनांचा क्रम मुद्दाम पिसतं आणि फुटलं की कोणत्या आकड्याने पिसलं ते सांगतं. तोच आकडा '--शफल='पुढे दिला की तोच क्रम पुन्हा मिळतो. मग चारातून एकदा येणारी चूक दर वेळी आणता येते, आणि दर वेळी येणारी चूक सापडतेच.

प्रश्न : आमच्या कंपनीत पायथनमध्ये लिहिलेलं घरचंच बिल्ड साधन आहे. लिहिणारे सोडून गेले, आता माझ्याकडे आलंय. चार टीम वापरतात. काही सुधारायला गेलं की कुणाचं तरी काहीतरी मोडतं. सुरुवात कुठून करू? (जळगाव)

हात लावण्याआधी तीन टेस्ट लिहा. त्या झाल्याशिवाय एकही सुधारणा नको.

पहिली, रिकामा बिल्ड: पूर्ण बांधून झाल्यावर काहीही न बदलता लगेच पुन्हा चालवा. एकही आज्ञा चालता कामा नये. निन्जा अशा वेळी 'नो वर्क टु डू' म्हणतं, तुमचंही तसंच म्हणायला हवं. दुसरी, एक फाइल बदलून बघणं: एका हेडरमध्ये एक ओळ टाका आणि नेमक्या ज्या फाइली बांधल्या जायला हव्यात तेवढ्याच बांधल्या गेल्या का ते मोजा, कमीही नको, जास्तही नको. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. गिटमधली एक जुनी कमिट बांधा, त्याच फोल्डरात पुढच्या कमिटवर या, फक्त बदललेलं बांधा. दुसऱ्या कोऱ्या फोल्डरात तीच पुढची कमिट शून्यातून बांधा. दोन्हींच्या निकालांचा 'एसएचए२५६सम' (मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे ठसा) जुळला पाहिजे.

तो पहिल्या झटक्यात जुळणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. '__डेट__' मॅक्रोमुळे तारीख आत जाते. 'सोर्स_डेट_इपॉक' हे चल (मोठी अक्षरं) ठरलेल्या आकड्यावर ठेवा, जीसीसी ७ पासून ते पाळतं. फोल्डरचा पूर्ण पत्ता डीबग माहितीत जातो. जीसीसी ८ पासून '-एफफाइल-प्रिफिक्स-मॅप' आहे. आणि फोल्डरातल्या फाइलींची यादी पायथनच्या 'लिस्टडीआयआर'ने घेतली असेल तर तिचा क्रम फाइल सिस्टिम देईल तसा असतो, 'सॉर्टेड'मध्ये गुंडाळा. खुद्द जीएनयू मेकने ३.८२ मध्ये 'वाइल्डकार्ड'च्या निकालाचं सॉर्टिंग काढलं होतं आणि ४.३ मध्ये ते परत आणलं.

पुढची पायरी म्हणजे साधनाला कारण सांगायला शिकवणं. 'ही फाइल पुन्हा बांधतोय, कारण अमुक हेडर नवं आहे' असं एका ओळीत छापणारा पर्याय द्या. निन्जात तो '-डी एक्सप्लेन' आहे, मेकमध्ये ४.० पासून '--ट्रेस'. तुमच्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी यानंतर येणारच नाहीत, लोक आपापलं शोधतील. लिहून न दिलेली अवलंबनं शोधायला 'एसट्रेस -एफ -ई ट्रेस=फाइल' लावून एक आज्ञा चालवा, तिने उघडलेल्या फाइली आणि साधनाला सांगितलेल्या फाइली ताडून बघा. काम कंटाळवाणं आहे, पण चार टीमांच्या चार वर्षांच्या खोड्या त्यातच निघतात.

वेळेऐवजी मजकुराच्या हॅशवर जावं का, हा मोह होईलच. जा, पण दर वेळी सगळ्या फाइलींचा हॅश काढत बसू नका. आधी आकार आणि बदलाची वेळ बघा, त्यात फरक असेल तरच हॅश. फक्त जिची बदलाची वेळ आणि तुमची नोंद एकाच क्षणातली आहे, त्या फाइलीवर विश्वास ठेवू नका, तिचा हॅश पुन्हा काढा.

मोडतोडीबद्दल. जुनं वागणं एका रात्रीत बदलायचं नसतं. मेकमधला टॅब हे त्याचं ठळक उदाहरण. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा ही अट अडचणीची आहे हे लवकरच लक्षात आलं होतं, पण तोवर डझनभर लोक वापरायला लागले होते आणि त्यांचं मोडायचं नव्हतं. ती अट आजही आहे. सीमेकने २.६ पासून वेगळा रस्ता धरला. प्रत्येक प्रोजेक्ट आपल्याला किमान कोणती आवृत्ती हवी ते पहिल्या ओळीत लिहितो आणि सीमेक त्या काळासारखं वागतं. तुम्ही हेच करा: प्रत्येक टीमच्या फाइलीत साधनाची आवृत्ती लिहून घ्या, नवं वागणं फक्त नव्या आकड्याला द्या, जुन्याला इशारा छापा. पण जुनं कायम पोसायचं नसतं. २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० ने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी असलेली सुसंगती काढून टाकली आणि कितीतरी जुने प्रोजेक्ट पहिल्याच ओळीला थांबले. इशारे मात्र त्याआधी काही वर्षं येत होते.

आणि स्पष्ट सांगायचं तर, आज्ञा समांतर चालवणं, वेळा ताडणं, लॉग ठेवणं हा भाग पायथनमध्ये सांभाळत बसू नका. तुमच्या साधनाने फक्त 'बिल्ड.निन्जा' फाइल लिहावी आणि चालवायचं काम निन्जावर सोडावं. निन्जाची फाइल माणसाने हाताने लिहावी अशी तिची रचनाच नाही, दुसऱ्या प्रोग्रॅमने लिहावी अशीच आहे. चारही टीमांना वरून काही बदललेलं दिसणार नाही आणि तुमचा अर्धा कोड पुसता येईल.

प्रश्न : बाहेरच्या लायब्ररीचा सोर्स आम्ही वाचून घेतो. तिच्या बिल्ड स्क्रिप्टही वाचाव्या लागतात का? (धुळे)

त्या आधी वाचा. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ती सोर्समध्ये उघड नव्हती. गिटमध्ये नसलेली, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (सोर्सच्या बांधलेल्या गठ्ठ्यात) घातलेली एक '.एम४' फाइल कॉन्फिगरच्या वेळी चालायची आणि टेस्टच्या नावाखाली ठेवलेल्या बायनरी फाइलींतून मजकूर काढून बिल्डमध्ये मिसळायची. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं, म्हणून ती सापडली. टारबॉल आणि गिटचा टॅग यांचा 'डिफ' काढायची सवय लावा. ग्रेडल रॅपरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिस्ट्रिब्यूशनएसएचए२५६सम' ('एसएचए' आणि 'सम' यांचा 'एस' मोठा) भरा. आणि बिल्ड कधीही रूट म्हणून चालवू नका; रूटची गरज फार तर 'इन्स्टॉल'ला.

प्रश्न : सरांनी दिलेली मेकफाइल कॉपी करून टाकली, 'मिसिंग सेपरेटर' येतं. समोर बघतो तर ओळी अगदी सारख्या. (शिरपूर)

पीडीएफ किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी करताना टॅबच्या जागी स्पेस आल्या. 'कॅट -ए मेकफाइल' करा ('ए' मोठा). टॅब '^आय' असा दिसतो. आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीला तो नसेल तिथे स्पेस काढून टॅब दाबा. ओळीच्या शेवटी '^एम$' दिसलं तर फाइल विंडोजवरून आली आहे, 'डॉस२युनिक्स' चालवा.

प्रश्न : प्रोजेक्ट 'माझे प्रोजेक्ट' नावाच्या फोल्डरात आहे. मेक म्हणतं 'माझे' नावाची फाइल नाही. नाव मराठीत आहे म्हणून का? (अमळनेर)

मराठीचा दोष नाही, मधल्या स्पेसचा आहे. मेक याद्या स्पेसवर तोडतं आणि अवतरणचिन्हं लावून ते सगळीकडे सुधारता येत नाही. लिनक्सवर 'माझे_प्रोजेक्ट' चालेल. विंडोजवर काही जुने कंपायलर देवनागरी पत्त्यावर अडखळतात, तिथे फोल्डरचं नाव रोमन लिपीतच ठेवा. वरच्या कुठल्याही फोल्डरच्या नावात स्पेस नाही ना, तेही बघून घ्या. विंडोजच्या युजरनेमात ती बऱ्याचदा असते.